नावाआधीचं ‘कै.’

“बाबा, निधनवार्ता बघायच्यात. हवामान नाही.”

“बघतोय की,” बाबा म्हणाले आणि कुठल्याशा जुन्या उन्हाळ्याचं तापमान मन लावून वाचत राहिले.

मुलीनं कपाळावर हात मारला. वर्तमानपत्राच्या कचेरीचं तळघर, टेबलावर जुन्या अंकांच्या दाराएवढ्या बांधीव फाइली, नाकातोंडात धूळ, आणि रजा एका दिवसाचीच. सकाळ तर नोंदणी कार्यालयानं खाल्ली होती. मृत्यूची तारीख सांगा, लगेच नोंद काढून देतो, असं तिथला कारकून म्हणाला. अहो, तारीखच हवीय म्हणून आलोय, तिनं सांगितलं. मग तारीख घेऊन या, तो म्हणाला. पुन्हा विचारलं तरी त्याचं तेच. शेवटी तिनं वडिलांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं, कारण ते कारकुनाच्या बाजूनं मान डोलवायला लागले होते.

शोध आत्याचा होता, बाबांच्या धाकट्या बहिणीचा. मुलगी घराण्याची वंशावळ तयार करत होती आणि आत्याच्या चौकटीत नावाखाली सगळं कोरं. ती गेली, एवढंच उडत उडत कानावर आलं होतं. कधी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिच्या घरचे केव्हाच परदेशी निघून गेलेले. इतकी वर्षं बाबांनी घरात बहिणीचं नाव काढू दिलं नव्हतं. आणि आता वंशावळीचं निमित्त मिळाल्याबरोबर हेच गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून मुलीच्या आधी दारात उभे! काय म्हणावं या माणसाला?

“तारीख तुझी तुला घे,” येताना ते म्हणाले होते. “मला एवढंच बघायचंय, तिच्या ‘पश्चात’मध्ये भाऊ लिहिलाय का. मला धरलं होतं का तिनं, बस.”

एवढंच बघायचंय म्हणे. पण वाचत होते सिनेमाच्या जाहिराती.

“हे थिएटर पाडलं, नाही का गं?”

“पाडलं. पान उलटा.”

“शब्दकोडं कुणीतरी अर्धवटच सोडलंय. बाई, पेन्सिल आहे का हो?”

“आजोबा, फाइलीत लिहायचं नाही,” कोपऱ्यातल्या टेबलावरून अंक सांभाळणाऱ्या बाई खेकसल्या.

छपाई बारीक होती. म्हणून मुलगी पानाचा मोबाइलवर फोटो काढायची आणि तो मोठा करून वाचायची. प्रत्येक फोटोत बाबांचं बोट.

“बाबा, बोट!”

“अगं, ओळ धरून वाचतोय.”

“बोट काढा हो. फोटोत येतंय.”

असं किती वेळा झालं, देव जाणे. मग एका पानावर ते बोट आपणहून थांबलं.

“चष्मा लागला होता हिला,” बाबा म्हणाले.

मुलीनं वाकून पाहिलं. छोटासा फोटो, खाली चार ओळी. ती मोठ्यानं वाचायला लागली. “‘...अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून, दोन नाती असा परिवार आहे.’”

“झालं?”

“थांबा, पुढे आहे. ‘त्या...’” ती अडखळली.

बाबांनी फाइल आपल्याकडे ओढली आणि स्वतःच वाचलं. त्या बाबांच्या भगिनी होत, असं छापलं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बिनचूक. फक्त नावाच्या आधी ‘कै.’ लावलेलं.

मुलीला हसू फुटलं. दिवसभराचा वैताग त्यात बाहेर पडला, आवरता आवरेना. बाबा हसले नाहीत. उठून तडक बाईंच्या टेबलापाशी गेले.

“तुमच्या अंकात चूक आहे. मी जिवंत आहे.”

बाईंनी त्यांना चष्म्यावरून नीट पाहून घेतलं. “ते दिसतंय, आजोबा. पण आम्ही आमच्या मनानं कुणाला कैलासवासी करत नाही. घरचे लिहून देतात तसं छापतो.”

“मग दुरुस्ती छापा.”

“ज्यांनी मजकूर दिला, त्यांनी येऊन सांगायला हवं.”

“ते परदेशात. आणि ती वर.”

“मग मी काय करू, तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

बाबा परत येऊन खुर्चीवर बसले. मुलीचं हसू एव्हाना ओसरलं होतं.

“पण तुम्ही गेलात असं त्यांना सांगितलं कुणी?”

“तिनंच. दुसरं कोण सांगणार?” बाबा फाइलीकडे बघत म्हणाले. “शेवटचं भांडलो ना, तेव्हा मीच म्हणालो होतो तिला. म्हटलं, आजपासून मी तुला मेलो.”

“बाबा!”

“अगं, रागात म्हणतो माणूस! कुणी खरं धरतं का ते?” त्यांचा आवाज चढला. “लहानपणापासून माझं एक म्हणून ऐकलं नाही तिनं. झाडावर चढू नको म्हटलं, चढली. त्या मुलाशी लग्न करू नको म्हटलं, केलं. आणि हे... हे बरं ऐकलं!”

त्यांचे डोळे भरले होते. मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली.

“चला, बंद करायची वेळ झाली,” बाई म्हणाल्या आणि पलीकडचे दिवे मालवायला लागल्या.

तारीख मिळाली होती. मुलीनं मोबाइल काढून फाइलीवर धरला. बाबा उठून शेजारी आले, खाली वाकले आणि त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, बरोबर आपल्या नावाच्या आधी.

“बाबा, बोट काढा. फोटोत येतंय.”

“येऊ दे,” बाबा म्हणाले. “तू काढ.”