रविवारची बस

सहाची बस साडेसहा झाले तरी आली नव्हती आणि हासाजी स्टॉपच्या बाकावर डबा मांडीवर धरून ताठ बसला होता. इस्त्रीचे खाकी कपडे, घोटून केलेली दाढी, हनुवटीवर एकच काप. सोळा महिन्यांनी गिरणीत परत जायचा दिवस उजाडला आणि नेमकी आजच बस रुसली, याला म्हणतात नशीब.

इस्रायलमधल्या किर्यात मलाखीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बेकरीचं दारही बंद. संप असेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, बस येऊन गेली आणि आपल्याला दिसलीच नाही. हल्ली तसंही व्हायचं. डोक्यात भुंगा शिरल्यासारखा आवाज चालायचा, ऊन डोळ्यांत खुपायचं आणि मधला एखादा तास कुठे सांडला ते त्याचं त्यालाच कळायचं नाही. बासष्ट सालच्या वल्हांडणाच्या सणाआधी मागावरचा धोटा उडून त्याच्या कानशिलात बसला, तेव्हापासूनचं हे. जखम कधीच भरली होती. बाकीच्यासाठी दवाखान्यातला डॉक्टर दर वेळी एकच शब्द सांगे, "सावलानुत." म्हणजे धीर धरा. किती दिवस धरायचा, ते मात्र तो सांगत नसे.

हासाजीने धीर धरला होता. गिरणीचा मुकादम झेएव म्हणाला होता, "रविवारी ये. आठवडाभर बघू. भांबावला नाहीस तर तुझी जागा तुझी." इथे आठवडा रविवारीच सुरू होतो. तो एक आठवडा हासाजीने महिनाभर मनात घोकला होता.

कोपऱ्यावरून योना आला. गिरणीतलाच, शेजारच्या ओळीत राहणारा. याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याच्या नजरेला पडलेलं दुसऱ्या दिवशी झेएवला ठाऊक असायचंच. अंगात पांढरा सदरा, काखेत प्रार्थनेच्या शालीची पिशवी. प्रार्थना उरकून हा तसाच कामावर येणार असेल, असं हासाजीने धरलं. पण मग याचा डबा कुठे?

"डबा घेऊन कुठं निघालास, हासाजी? आणि आज?"

त्या 'आज'मध्ये काहीतरी होतं. हासाजीने ते पकडून ठेवायचा प्रयत्न केला, पण भुंगा मोठा झाला. 'गिरणीत' असं तो म्हणणार, एवढ्यात मागून चपला फटफटत आल्या. त्याची बायको सिम्हा. डोक्याचा रुमालही धड बांधलेला नव्हता. ठरल्यासारखी ती त्याच्या शेजारी बसली.

"न्याहारीला आलोय," ती योनाला म्हणाली. "घरात उकडतं, ह्यांचं डोकं चढतं. मोकळ्यावर बसू म्हटलं."

"प्रार्थनेच्या आधी खायचं?"

"गोळी घ्यायची असते. उपाशीपोटी चालत नाही."

"आणि हे खाकी कपडे?"

"आमचे कपडे तपासायला निघालात काय, योनाभाऊ? तिकडं दहावा माणूस मिळेना म्हणून प्रार्थना खोळंबली असेल."

"शब्बाथ शालोम," असं म्हणून योना निघाला. जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

शब्बाथ. कामाला हात लावायचा नाही, बसही धावत नाही असा दिवस. कोकणात त्याच्या आजाचा तेलाचा घाणा होता. तो घाणा थांबला की अख्ख्या गावाला कळायचं, आज शनिवार. म्हणून तर लोक त्यांच्यासारख्या ज्यूंना शनवार तेली म्हणायचे. त्याच घरातला माणूस आज डबा घेऊन कामावर निघाला होता. सकाळी चूल पेटली नव्हती, कालचं झाकून ठेवलेलं त्याने स्वतःच गारगार भरून घेतलं होतं, तरी काही उमगलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"उद्या मी तिथं काय करणार?" तो म्हणाला. "शनवार विसरलो मी, सिम्हा."

सिम्हाने डबा उघडून मध्ये ठेवला. शनिवारी खोटं बोलली होती, निदान ते खरं तरी करावं. दोघांनी चपाती आणि तळलेला मासा खायला सुरुवात केली.

"इथवर कोण सोडून गेलं तुम्हांला?" तिने विचारलं.

"कोण सोडणार? मीच आलो."

"एकटे?"

"पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडं वळलो. मग तो वाकडा खांब. मग सरळ."

सिम्हाचा घास हातातच राहिला. वस्तीतली सगळी घरं एका साच्यातून काढलेली. गेल्या महिन्यात हासाजी पाव आणायला गेला होता तो दुपारी संत्र्यांच्या बागेत सापडला. तेव्हापासून ती त्याला उंबऱ्याबाहेर एकटा जाऊ देत नव्हती. उद्या स्टॉपपर्यंत मीच सोडायला येणार, लोक हसले तर हसू देत, असं तिने त्याला बजावून ठेवलं होतं.

तिने डबा बंद केला.

"चला घरी. तुम्ही पुढं व्हा, मी येते मागनं."

ती खरंच मागे राहिली. हासाजी आपला चालत होता. वाकडा खांब गेला. पाण्याची टाकी आली तसा तो थांबला.

"सिम्हा, आज बस का नाही आली?"

मागच्या चपला थांबल्या. मागून तिचा आवाज आला. "आज शनवार आहे, अहो."

"हां. शनवार."

त्याने टाकीकडे पाहिलं. येताना उजवीकडे वळलो होतो, असं तो स्वतःशी पुटपुटला आणि डावीकडे वळला.