आजाराचं कारण

"मी नाय करणार सही," म्हणत बायडाबाईने फॉर्म लेकाकडे परत सरकवला.

सार्थकच्या मस्तकात तिडीक गेली. आज शेवटची तारीख. पाचच्या आत हा कागद ऑफिसात पोचला नाही, तर आईच्या समुपदेशनाचा एक रुपया विम्यातून सुटणार नव्हता. आणि पैसे सुटले नाहीत तर पुढच्या महिन्यापासून समुपदेशनच बंद. फ्लॅटचा हप्ता गेल्यावर हातात उरतंय काय, डोंबल!

विम्याच्या यादीतला डॉक्टर चालला असता तर ही कटकटच नव्हती. तिथे सगळं फुकट. त्याने नेलंही होतं तिला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, मावशी?" आई शेजारी बसलेल्या लेकाकडे बघून म्हणाली, "काय नाय." तीनदा नेलं, तीनदा तेच. मग कुणीतरी इंदिरानगरच्या संजना मॅडमचं नाव सांगितलं. त्या यादीबाहेरच्या. म्हणजे आधी खिशातून भरा, मग आजाराचं कारण लिहा, पेशंटची सही घ्या, आणि निम्मे परत मागा.

या मॅडमनी पहिल्याच दिवशी सार्थकला बाहेर बसवून दार लावून घेतलं. त्याला ते जरा लागलंच. पण गुण आला, हे कबूल करायला हवं. बाप गेल्यापासून दोन वर्षं आई जेवत नव्हती. घास तोंडाशी नेला की उमासे यायचे. चाळीस किलोवर आली होती बिचारी. आता कुठे अर्धी भाकरी पोटात जायला लागली होती.

आणि आता ही सही करेना!

"अगं, ऐक तरी काय लिहिलंय." त्याने वाचून दाखवलं, "'पतीच्या निधनाच्या दुःखामुळे अन्नावरची वासना उडाली.' यात चुकलं काय माझं?"

वाचताना त्याला बाप आठवला. दादा म्हणजे देवमाणूस. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकून त्यांनी त्याला पाचवीपासून होस्टेलला ठेवलं, इंजिनियर केलं. तो सुट्टीत घरी आला की त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ते गेले तेव्हा सगळी आळी रडली होती.

"खोटं हाय ते," आई म्हणाली.

"मग खरं काय ते सांग ना! तू सांगशील तसंच लिहितो." तो ओरडलाच तिच्यावर. ओरडल्यावर त्याला वाईट वाटलं, पण पेन त्याने खाली ठेवलं नाही.

बायडाबाईने पदर तोंडाशी नेला आणि मग सोडून दिला. नजर तिने लेकावरून काढली नाही.

"तुम्ही समदे स्मशानातून आला. शेजारची लंकाबाई कडू घास घेऊन आली, पिठलं-भाकरी. बाकीच्यांनी तुकडा मोडला अन् उठले. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, सार्थक. लय भूक लागली होती. आता घास उचलला का त्या भाकऱ्या आठवतात, अन् माझीच मला किळस येते. सुख झालं होतं रे मला त्या दिवशी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढ्यातलं ताट कुणी लाथाडलं नव्हतं. लिही आता."