पावडरीचा आठवा दिवस

तात्याबानं तळहात पुढं केला. "टाक हितं थोडी."

ऋतुजानं हिरव्या डब्यातली चमचाभर पावडर बापाच्या हातावर टाकली. तो आत्ताच मेंढरं कोंडून आला होता. पायाला रानातली काळी माती तशीच होती. पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

"काय काय हाय म्हनं ह्यात?"

"वाटाणा, तांदूळ, भोपळ्याच्या बिया. सगळं सेंद्रिय. दुधाचं काही नाही, अंड्याचं काही नाही."

शेवटचं ती चुलीपाशी बसलेल्या आईकडं न बघता बोलली.

मायाक्का भाकरी थापत होती. महिन्यापूर्वी तिनं बिरोबाला नवस बोलला होता. लेक पोलिसात लागेपर्यंत घरात वशाट शिजणार नाही, अंडंसुद्धा नाही. सगळ्या वस्तीला तिनं ते सांगितलं होतं. तोवर ऋतुजा रोज चार अंडी खायची. कोंबड्या अजूनही अंडी घालत होत्या. ती आता शेजारच्या गुरम्माकडं जात होती.

नवसाची गोष्ट कळल्यावर सोलापूरच्या भरती क्लासच्या सरांनी कपाळाला हात लावला होता. मग त्यांनी हा डबा दिला. आठ दिवस घेऊन बघ, म्हणाले, आणि फरक पडतो का ते मला सांग. आज आठवा दिवस होता. मैदानी परीक्षेला एकवीस दिवस उरले होते.

तात्याबानं पावडर अंगठ्यानं चोळली. वास घेतला. मग जिभेच्या टोकानं चाटली.

"सरांनी दिलीय ती," मायाक्का म्हणाली. "मेंढराची पेंड हाय व्हय, चाटून बघाया?"

"पेंडबी आदी मीच चाटतो. मग मेंढराला घालतो."

त्यानं तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि वर चिमूटभर पावडर सोडली. बाजारातली पेंड तो अशीच बघत असे. माती मिसळलेली असली की खाली बसते. तो वाटीत बघत राहिला. खाली काही बसलं नाही.

"खोट न्हाय," तो म्हणाला. "माल चांगला हाय."

"बगा," मायाक्का म्हणाली. "मी म्हनलं नव्हतं? देवानंच वाट दावली की."

ऋतुजानं भिंतीला डोकं टेकलं होतं. पहाटेच्या गाडीनं सोलापूरला जायचं, पळायचं, गोळा फेकायचा, दुपारच्या गाडीनं परत यायचं. आज गाडीत उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटले होते.

तात्याबानं हात धोतराला पुसले. पण तो उठला नाही.

"काल पळायला किती लागली मिंटं?"

"आठशे मीटरला तीन मिनिटं बारा सेकंद."

"आन् महिन्यामागं?"

"दोन पंचावन्न."

तात्याबानं पुन्हा वाटीत बघितलं. "माल चांगला हाय," तो हळूच म्हणाला. "पर पेंड कसली हाय हे मागनं बगायचं आसतं. जनावर तोंड लावतंय का, आन् लावलेलं पोटात ऱ्हातंय का, ते पयलं. ऱ्हातंय का तुज्या पोटात?"

ऋतुजानं मान खाली घातली.

"बोल की."

"नाही राहत, आप्पा. घेतली की तासाभरात उलटून पडते. आठही दिवस."

मायाक्काचा हात थांबला.

"कुटं पडती? मला कदी दिसली न्हाय."

"मेंढरांच्या मागं जाते मी. तिकडं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू, आई? माझ्यासाठीच तर नवस बोललीस तू."

तव्यावरची भाकरी मायाक्कानं उलटली नाही. करपल्याचा वास सुटला, तेव्हा ऋतुजाच उठली आणि तिनं ती काढून ठेवली. बाहेर एक कोकरू ओरडलं आणि गप्प झालं.

मायाक्कानं हाताचं पीठ परातीत झाडलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. कोनाड्यातल्या टोपलीत आजची अंडी होती, अजून गुरम्माकडं गेली नव्हती. त्यातली चार तिनं पदरात घेतली, चुलीतलं एक जळतं लाकूड उचललं आणि बाहेर गेली. जाताना कोपऱ्यातलं पातेलं तिनं तात्याबाच्या हातात दिलं.

तात्याबा आणि ऋतुजा तिच्यामागं अंगणात आली. तिनं तीन विटा मांडल्या. मग परत येऊन घराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

"दार कशाला?" तात्याबानं विचारलं.

"देव्हारा समोरच हाय." ती विटांपाशी बसली. "घरात शिजनार न्हाय म्हनले हुते मी. आंगन म्हंजे घर न्हाय."

"चालंल त्याला?"

"न्हाय चाललं तर मला धरंल. बोलनारं तोंड माजं हुतं. पोरीचं पोट मदी कशाला?"

अंडी उकडेपर्यंत तिघं जाळाकडं बघत बसली. पहिलं अंडं ऋतुजानं न सोलताच हातात धरून ठेवलं. गरम होतं, तरी सोडलं नाही. मग सोललं आणि दोन घासांत खाल्लं. दुसरं सोलायला घेतलं.

तेवढ्यात मायाक्का आत जाऊन हिरवा डबा घेऊन आली होती. पेल्यातल्या पाण्यात तिनं चमचाभर पावडर ढवळली आणि डोळे मिटून एका दमात पिऊन टाकली. तोंड वाकडं झालं. पदरानं ओठ पुसून ती तशीच बसून राहिली.

"आई, तू कशाला?"

"मी तर अंडं खानार न्हाय की. मला काय तरी लागंल का न्हाय?"

ऋतुजाचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं.

"सरांचा आहे. पावडरीचं विचारतील. काय सांगू?"

मायाक्कानं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"चांगली हाय म्हनाव," ती म्हणाली. "आई घेती."