खिंडीतली वही

सकाळी आठला वादळाचा इशारा सहा तासांसाठी मागे घेतला गेला. उणे एकेचाळीस, वारा मंद, दृश्यता दोन किलोमीटर. दुपारी दोननंतर खिंडीचा रस्ता पुन्हा बंद. तुयारानं ते रस्त्याच्या फाटकावरच्या चौकीच्या रजिस्टरमध्ये उतरवलं, खाली सही केली. मान वर केली तेव्हा गाव्रिल दारात उभा होता.

"निघायचं ना, पोरी?"

"काका, तुम्ही घरी थांबा. खिंडीतल्या झोपडीतली वही मी घेऊन येते."

"मी येणार."

त्याला नाही म्हणणं तिला जमलं नाही. आठ दिवसांपूर्वी त्याचा मुलगा एर्चिम याच टेबलापुढे उभा होता. तेव्हा इशारा लागू होता. वारा सकाळपुरता पडला होता, पण दुपारी परत उठणार होता.

"नाही जायचं," तुयारा म्हणाली होती. "मी लिहून ठेवीन."

"लिही की. तुझ्या पेन्सिलीनं वादळ थांबतं का बघू." तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "बाबा माशांची जाळी बघायला गेलाय. आज पाचवा दिवस. तू बसली असतीस का घरी?"

तो फाटक स्वतःच उघडून स्नोमोबाइलवर खिंडीच्या दिशेनं गेला. त्याच दुपारी गाव्रिल नदीच्या वाटेनं कुत्र्यांसह घरी पोचला. बापलेकांची चुकामूक झाली होती. गाव्रिलनं घसरगाडीतले मासे खाली टाकले, गाडी लाकडांनी भरली आणि तासाभरात चौकीवर आला. मला खिंडीत जायचंय, म्हणाला. वारा सुटला होता. फाटकाला आता कुलूप होतं, तुयारानं ते उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शोधपथकाला एर्चिम सापडला. खिंडीतल्या झोपडीत, विझलेल्या चुलीशी. झोपडीत लाकडाचा एक तुकडा नव्हता.

गावाला तेवढं पुरे झालं. खिंडीच्या आसपास झाड नाही, लाकूड साठ किलोमीटरवरून न्यावं लागतं. झोपडीत मुक्काम केलेला माणूस निघताना पुढच्यासाठी चूल रचतो, लाकडं ठेवतो आणि वहीत नाव-तारीख लिहितो. म्हणजे ज्यानं लाकडं ठेवली नाहीत त्याचं नाव वहीत असणार. पण पथकाला परतायला जेमतेम तास मिळाला होता, वही बघायचं कुणाला सुचलं नाही. मग पाच दिवस रस्ता बंद.

वहीची वाट न बघता गावानं नाव ठरवून टाकलं. रोमान. खिंडीतून कोळशाचा ट्रक चालवायचा, तीन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून आलेला.

"त्याला काय आपली रीत माहीत?" दुकानात बायका म्हणाल्या. "आणि तो म्हातारा बघा. वादळात चार रात्री उघड्यावर काढल्या, गालावर एक चट्टा नाही. जुनं हाड!"

रोमानच्या ट्रकची काच फुटली. पुढच्या संध्याकाळी तिघेजण कुऱ्हाडीचे दांडे घेऊन त्याच्या दाराशी गेले, तेव्हा गाव्रिल आडवा आला.

"वही बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

"काका, मुलगा तुमचा गेलाय!"

"म्हणूनच सांगतोय."

तिघे माना खाली घालून परतले. मुलाच्या दुःखातही म्हाताऱ्याचा न्याय सुटला नाही, असं त्या रात्री घराघरात बोललं गेलं.

तुयारानं स्नोमोबाइल सुरू केली. गाव्रिलनं मागे आपली घसरगाडी जोडली. त्या दिवशी भरलेली लाकडं अजून तशीच बांधलेली होती.

"एवढी कशाला, काका? तासाभरात परत फिरायचंय."

"जाणाऱ्यानं न्यायची असतात."

झोपडीपाशी पोचल्यावर तो आत आला नाही. गाडीच्या दोऱ्या सोडत राहिला. तुयारा एकटी आत गेली. बाक नव्हता, फळी नव्हती. एर्चिमनं दोन्ही जाळली होती. चुलीत राखाडी राख, आणि त्या राखेवर एका कागदाची काळी राख, न मोडता पडलेली. बाजूला रिकामी माचिस. वही खिळ्याला टांगलेली होती.

"वाच," बाहेरून आवाज आला.

"पाच फेब्रुवारी. रोमान. लाकडं चार रात्रींची ठेवली. चहा अर्धं पाकीट. खिडकीची फट बुजवली." तिनं श्वास सोडला. "रोमान सुटला, काका."

"पुढे वाच."

"पुढचं पान शिवणीपासून फाडलंय," ती म्हणाली. त्याच्या नंतरच्या पानावर अक्षरं मोठी आणि वाकडी होती, बोटं वळत नसताना काढलेली.

"अकरा फेब्रुवारी. एर्चिम. तुयारानं अडवलं होतं. दोष कुणाचाही नाही."

"आणि मधलं पान?"

"जाळलंय. बाक, फळी, सगळं विझल्यावर. शेवटच्या काडीनं." तिनं वही चाळली. "चाळीस कोरी पानं शिल्लक आहेत, काका. उबेसाठी जाळायचं तर अख्खी वही होती. त्यानं एकच पान का जाळलं?"

गाव्रिल दारात आला. हातात लाकडांचा भारा होता.

"जाळण्याआधी त्यानं ते वाचलं असेल?"

"न वाचता कोण फाडील? त्या माणसाचं नाव त्यावरच होतं. आता ते कधीच कळणार नाही."

तो भारा खाली ठेवून गुडघ्यांवर बसला. कागदाची काळी राख त्यानं ओंजळीत उचलली आणि कोटाच्या आतल्या खिशात सोडली. मग चूल रचली. खाली ढलप्या, वर जाड ओंडके, पुढ्यात भरलेली माचिस. बाकीची लाकडं भिंतीशी लावली. कुठेही घाई केली नाही.

"काका, बारा वाजले. दोनला रस्ता बंद होतो."

त्यानं वही मागितली. हातमोजा काढून पेन्सिल धरली आणि मुलाच्या ओळींखाली रीतीप्रमाणे नोंद केली. वही खिळ्याला लावून तो बाहेर पडला. तुयारानं जाता जाता नजर टाकली.

"एकोणीस फेब्रुवारी. गाव्रिल. मागच्या खेपेला ठेवायची राहिलेली लाकडं आणून ठेवली."