पैलवानाचं वजन

पैलवान काट्यावर चढला आणि काका खूश झाले. कळपातलं सगळ्यात जड कोकरू तेच.

"झालं. पैदाशीला हाच ठेवायचा. त्या बारक्या कोकराला विकायच्या गाडीत घाला."

आईनं दोन्ही तळवे आपल्या मानेखाली धरले, उबदार केले आणि मगच पैलवानाच्या गळ्यात हात घातला. जनावराला हात लावण्याआधी ती नेहमी असंच करायची. पैलवान जन्मतःच पोरका झाला होता. तेव्हा दुसऱ्या एका मेंढीच्या मेलेल्या कोकराचं कातडं आईनंच त्याच्या अंगावर बांधलं होतं. मेंढीनं वास घेतला आणि आपलं समजून त्याला पाजलं. तिला दूधही भरपूर.

लेक जनावरांची पैदास शिकून त्याच कामाला लागलेली. तिनं पैलवानाची लोकर बोटांनी उकलली. राठ, केसाळ. मग बारक्याची पाहिली. मऊ आणि दाट.

"काका, बारका ठेवा. लोकर रक्तातून येते, ती याच्या पिल्लांत बरीचशी उतरेल. पैलवानाचं वजन दुधाचं आहे, पाळणारीनं दिलेलं. ते त्याच्यापाशीच संपणार."

"घ्या. पोरीनं पैलवानालाच चीतपट केलं," काका हसले.

आई हसली नाही. ती या घरात आली तेव्हा लेक पाळण्यात होती आणि जन्मदाती वारलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. नातेवाईक मात्र लेकीचं नाक, उंची, केस बघून हळहळायचे. अगदी आईवर गेली म्हणायचे. कुठल्या आईवर, ते सांगावं लागत नसे.

"पाळणारीचं पुढे काहीच जात नाही?" आईनं विचारलं.

आपण काय बोलून गेलो, ते लेकीला आत्ता कळलं. पण सांगितलं ते खोटंही नव्हतं.

एवढ्यात लेकीची चिमुरडी कुंपणाखालून आत शिरली. बारक्याकडे तिनं हात पुढे केला, मागे घेतला आणि दोन्ही तळवे मानेखाली धरून उभी राहिली.

"काय गं, घाबरलीस?" काकांनी विचारलं.

"गार हात लावायचा नसतो. माझ्या आईनं सांगितलंय."

लेकीनं मान खाली घातली. आईनं पैलवानाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला स्वतःच गाडीत चढवलं आणि फळी लावून घेतली.

"बारकाच ठेवा," ती म्हणाली. "पोरगी बरोबर सांगते. मेंढ्यांपुरतं."