हळदीची रेघ

“हात लावू नका कुणी!” हेमंतराव एवढ्या जोरात ओरडले, की मांडवात ढाक वाजवणारासुद्धा थांबला.

पंचमीची सकाळ होती. बालीगंजच्या त्यांच्या क्लबाने यंदा दुर्गापूजेचा मांडव चुनखडीच्या गुहेसारखा उभारला होता. आत देवी, आणि तिच्याभोवती छतापासून जमिनीपर्यंत लखलखणारे स्फटिक. तासाभरात लोकांसाठी दार उघडायचं होतं.

हेमंतराव निवृत्त भूवैज्ञानिक. मेघालयातली अशीच एक अफाट गुहा त्यांनी तरुणपणी मोजली होती आणि सरकारदरबारी खेटे घालून संरक्षित करवली होती. आता तिथला खडा उचलणंही गुन्हा. घरी गुहेचा विषय निघाला की त्यांची गाडी थांबत नसे. मध्ये कुणी बोललंच, तर ‘तुला दगडातलं काय कळतं, वासंती?’ हे ठरलेलं.

“हा थर्माकोल नाही. काचही नाही. कुठून आणलंत?” त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीला, सुमितला, बंगालीत विचारलं.

सुमित गडबडला. “काकिमांना विचारा.”

काकिमा, म्हणजे वासंतीबाई, स्फटिकांच्या पायथ्याशी वाकून हळदीची रेघ ओढत होत्या. पूजेचा काहीतरी विधी असावा. “अहो, आधी चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

“तुझा तो बिनसाखरेचा चहा नको मला! माझी गुहा फोडलीय कुणीतरी.” हेमंतरावांना अक्षरशः रडू येईल असं वाटलं. “तिथल्या गावकऱ्यांना शब्द दिला होता मी. वनखात्याला फोन लावतो. आज हे दार उघडणार नाही!”

क्लबाच्या बायका वासंतीबाईंकडे बघू लागल्या. तीन महिने रोज दुपारी त्या सगळ्या हेमंतरावांच्या घरी शिवणाच्या खोलीत दार लावून बसत. पडदे शिवताहेत, असं हेमंतरावांना सांगितलेलं.

“खात्री आहे तुमची?” वासंतीबाईंनी शांतपणे विचारलं.

“चाळीस वर्षं हेच केलंय!”

“मग तुमची ती शेवटची परीक्षा करा ना. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो, तेव्हाही रस्त्यातला दगड उचलून केली होतीत.”

बायका फिस्सकन हसल्या. दगड ओळखायला जुने भूवैज्ञानिक तो चक्क चाटून बघतात, आणि हेमंतराव त्यात पटाईत.

त्यांनी फोन खिशात टाकला, चष्मा कपाळावर चढवला आणि हळदीची रेघ ओलांडली. स्फटिकावरची एक चुकार मुंगी फुंकरीने उडवून जिभेचं टोक लावलं.

बायका पुढे सरसावल्या.

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा जीभ लावली. मग तिसऱ्यांदा.

“पुरे हं आता,” वासंतीबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी खडीसाखरही बंद केलीय तुमची.”