जळवा

अंदमानात सॅडल पीकच्या जंगलातून डोंगर चढताना दिपमाला एकदम किंचाळली. तिच्या दोन्ही पायांना जळवा लागल्या होत्या. नवरा, नवल, हसत हसत मोबाइलवर शूटिंग करत होता. तेवढ्यात मागून सासरे आले. पारोळ्याच्या घरी तिच्याशी कधी थेट शब्दही न बोलणारे आबा मटकन चिखलात बसले आणि तिचा पाय उचलून त्यांनी आपल्या पांढऱ्या धोतरावर घेतला. दिपमाला पाय मागे ओढू लागली.

"आबा, सोडा! माले पाप लागी!"

"पोरना पाय धरामा कसानं पाप वं माय?" आबा एकेक जळू ओढून काढू लागले.

तिनं मान खाली घातली, तेव्हा तिला दिसलं, आबांच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर जळवा टम्म फुगून लटकत होत्या.